रेघ वर गेली म्हणजे काय?

लोक गूगलवर काय किती शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर ‘रस्ट’ हे प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव नुसतंच रोमन अक्षरांत टाकलं, देश अमेरिका आणि काळ 2020 ते 2022 निवडला, की ऑक्टोबर 2021मध्ये रेघ ताडकन उभी राहते. त्या महिन्यात रस्टमध्ये काही क्रांती झाली नव्हती. न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ नावाच्याच सिनेमाच्या सेटवर अभिनेता ॲलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या, त्या बातमीचे हे शोध. शिवाय याच नावाचा गेम आहे आणि तो खेळणारी पोरं बारा महिने काही ना काही शोधत असतातच. म्हणून मी नाव टाकल्यावर खाली उघडणाऱ्या यादीतून ‘प्रोग्रामिंग भाषा’ असा उल्लेख असलेला विषयच निवडतो. सिनेमा आणि गेम मग बऱ्यापैकी गळून पडतात.

आता शेजारी पायथन ही दुसरी भाषा टाका. रस्टची रेघ तळाला चिकटते. पायथन काढा, तीच रेघ 100ला टेकते. मधल्या वेळात रस्टचे शोध काही वाढलेले नसतात. हा आकडा शोधांची संख्या सांगतच नाही. निवडलेल्या काळातला आणि नावांमधला सर्वांत उंच बिंदू म्हणजे 100, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. त्यातही मोजला जातो तो एकूण शोधांमधला वाटा. 2004पासूनचा ग्राफ लावला की जावा ही भाषा उतरणीला लागलेली दिसते आणि ‘जावा संपली’ म्हणणाऱ्यांना पुरावा मिळतो. पण तेव्हा इंटरनेटवर संगणकवाल्यांचा भरणा होता, पुढे अख्खं जग पाककृती आणि क्रिकेटचा स्कोअर शोधायला आलं. छेद फुगला की अंश तेवढाच राहूनही रेघ खालीच येणार.

प्रोग्रामिंग भाषांची पीवायपीएल ही क्रमवारी ट्रेंड्सवरच चालते, फक्त भाषेच्या नावाला ‘ट्यूटोरियल’ जोडून. मला ही युक्ती आवडते. आपण शिकणाऱ्यांना मोजतोय, हे ती लपवत तरी नाही.

कारण शोधतो तो मुख्यतः नवखा. मुरलेल्याला तेवढी गरज पडत नाही. कोबोल ही भाषा घ्या. कितीतरी बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात, पण पायथनशेजारी तिची रेघ दिसतसुद्धा नाही. एप्रिल 2020मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी बेकारभत्त्याच्या जुनाट यंत्रणेसाठी कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं आवाहन केलं, आणि कोबोलचे शोध उसळले. म्हणून काही कोबोल लिहिणारे रातोरात वाढले नाहीत. नोव्हेंबर 2022मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर नवख्यांचेही कितीतरी प्रश्न गूगलपर्यंत पोचत नाहीत.

तेव्हा एखाद्या क्लासच्या जाहिरातीत असा ग्राफ दिसला, तर काळ कुठला, देश कुठला, नुसता शब्द घेतला की विषय, हे आधी विचारा. आणि फी भरण्यापूर्वी आपल्या शहरातल्या नोकरीच्या जाहिरातींत ती भाषा किती ठिकाणी मागितली आहे, ते स्वतः मोजून बघा.