एका पंतोजीच्या चित्रकथा

वर्ग चालू असतां बाकाखालीं चित्रकथेचें पुस्तक धरून बसलेला विद्यार्थी कोणत्या शिक्षकानें पाहिला नाहीं? मीं अशीं कितीतरी पुस्तकें जप्त केलीं आहेत. सेवानिवृत्तीनंतर वाचनांत आलें कीं, ज्याला या कलेचा जनक म्हणतात, तो स्वतः एक पंतोजीच होता! त्याचें नांव रोडॉल्फ टॉप्फर. त्याचाच वृत्तांत आज निवेदन करावयाचा आहे.

टॉप्फर १७९९ सालीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा शहरीं जन्मला. वडील चित्रकार होते. मुलाचीही तीच आकांक्षा होती. परंतु तरुणपणींच नेत्रविकार जडल्यामुळें ती सोडावी लागली. त्यानें अध्यापन पत्करलें आणि मुलांसाठीं एक निवासी शाळा काढली. तेथें विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठीं तो लेखणीनें चित्रें रेखाटूं लागला. रंगांची वाट बंद झाली, पण रेषेची मोकळी राहिली.

१८२७ सालीं त्यानें ‘व्ह्यू ब्वा’ नांवाच्या प्रेमवेड्या गृहस्थाची कथा रचली. एकामागून एक चौकटी, प्रत्येकीखालीं दोन-चार ओळी. चित्राविण मजकूर निरर्थक आणि मजकुराविण चित्र संदिग्ध, असा हा संसार होता. त्याची छपाईही या मेळाला पोषक ठरली. शिळाछापाच्या दगडावर अक्षरें उलटीं लिहावीं लागत. टॉप्फर विशेष शाईनें कागदावर सरळच लिही; तो कागद दगडावर दाबला म्हणजे ठसा उलटा उमटे आणि छापतांना पुन्हां सुलटा होई. त्यामुळें अक्षर व आकृति एकाच हातचीं दिसत.

परंतु हीं हस्तलिखितें त्यानें वर्षानुवर्षें प्रसिद्ध केलीं नाहींत. शिक्षकानें असले चाळे करावे काय, ही लोकलज्जा आड येई. कांहीं मित्रांनीं तीं वायमार येथें महाकवि गटे याजकडे नेलीं. वृद्ध गटे प्रसन्न झाला. त्या प्रशंसेनें टॉप्फरला धीर आला. १८३२ सालीं तो जिनीव्हाच्या अकादमींत साहित्याचा प्राध्यापक झाला होता. १८३३ सालीं त्यानें ‘जाबो’ची कथा छापली खरी, पण ती लोकांत सोडण्यास आणखी दोन वर्षें कचरला!

१८३७ सालच्या ‘क्रेपँ’मध्यें तर त्यानें आपल्याच व्यवसायाची थट्टा केली. अकरा मुलांचा बाप शिक्षक नेमतो. प्रत्येक शिक्षक आपली नवी शिक्षणपद्धति घेऊन येतो आणि घरांत गोंधळ माजवितो. आम्हां शिक्षकांना हा आरसाच होय.

पुढें पॅरिसच्या एका प्रकाशकानें त्याच्या पुस्तकांच्या चोरट्या आवृत्त्या काढल्या. १८४२ सालीं ‘व्ह्यू ब्वा’ इंग्रजी वेषांत न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाला. १८४५ सालीं टॉप्फरनें या कलेचें शास्त्र सांगणारा निबंधही लिहिला. नाकाची रेघ किंचित् बदलली तरी मनुष्याचा स्वभाव कसा पालटतो, हें त्यांत त्यानें दाखविलें आहे. दुसऱ्याच वर्षीं, १८४६ सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं तो निवर्तला.

श्रोतेहो, वर्गांत पाठाकडे लक्ष हवें, हें माझें मत अद्याप कायम आहे. पण जप्त केलेलें एकही पुस्तक मीं कधीं उघडून पाहिलें नाहीं. मुलगा कशाला हंसत होता, हें विचारलेंही नाहीं. टॉप्फरनें मात्र मुलांना हंसवितां हंसवितां जगाला एक नवी कला दिली.