कपाटाची किल्ली कोणाकडे?

आठवतंय? शाळेचा दुसरा मजला, प्रयोगशाळेच्या शेजारची खोली. काचेची कपाटं, कपाटांना कुलपं आणि किल्ल्यांचा जुडगा लायब्ररीच्या बाईंच्या कमरेला. आठवड्यातून एक तास वाचनाचा, तोही गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेतलेला! मागावा ‘फास्टर फेणे’ आणि हातात पडावं कुणातरी थोर पुरुषाचं चरित्र...

परवा आमच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं, शाळेतच. समोसे, सेल्फी, ‘अरे, केस कुठे गेले तुझे?’ वगैरे झाल्यावर मी हळूच दुसऱ्या मजल्यावर सटकलो. लायब्ररीच्या जागी आता कॉम्प्युटर रूम. कपाटं व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. बाई रिटायर झाल्या, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, असं शिपाईकाकांनी सांगितलं. ‘‘आणि किल्ल्या?’’ काका हसले. ‘‘असतील ऑफिसात.’’

वाईट वाटलं. पण मी स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलं, तेही आठवेना!

कुलूप का होतं?

तेव्हा वाटायचं, बाई खडूस आहेत. आता नोकरीत चार वर्षं घासल्यावर कळतं, भानगड सिस्टीमची होती. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, अधूनमधून मोजणी होते आणि पुस्तक कमी भरलं की जाब ग्रंथपालाला. मग कोण कशाला कपाट सताड उघडं ठेवेल? आपल्या अप्रेझलचा फंडा तरी काय वेगळा आहे? जे मोजतात, तेवढंच आपण करतो. त्यात विद्यार्थी कमी असले की ग्रंथपालाचं पदच अर्धवेळ. पगार अर्धा आणि वर कोणी रजेवर असलं की बदली तास बाईंच्याच गळ्यात!

खरं तर या विषयातला बापमाणूस आपल्याच देशातला. डॉ. एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा अर्थ अगदी सरळ आहे : पुस्तक वापरण्यासाठी असतं. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. हार घालतो. कुलूप मात्र तसंच!

पुस्तकं आली, माणूस?

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्याच्या परिशिष्टात आहे. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पुस्तकांसाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद झाली. पण परिशिष्टाच्या त्या यादीत ग्रंथपाल कुठेच नाही. म्हणजे जिम बांधली, ट्रेनर ठेवलाच नाही.

‘‘पण बॉस, आता सगळं नेटवर मिळतं. लायब्ररी हवीय कोणाला?’’ ऑफिसात हा प्रश्न येतोच. मिळतं, मान्य. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टीही फुकट. पण या ढिगातून चौथीतल्या चिंगीला आवडेल ती गोष्ट नेमकी काढून देणार कोण? सातवीतला बंड्या प्रोजेक्टसाठी मोबाईलला विचारतो आणि दहा सेकंदांत उत्तर हजर. ते खरं की थाप, हे तपासायला त्याला कोण शिकवणार? उद्याच्या ग्रंथपालाचं काम हे आहे. किल्ल्या सांभाळायला काय, कुलूपही पुरतं.

असं काम होतंय बरं का! गोव्यात ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांना गोष्टी वाचून दाखवते, त्यावर गप्पा मारते, शाळांमध्ये जाऊन लायब्ररी चालवते. साताऱ्याजवळच्या भिलारमध्ये २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलीत. पाचगणीच्या वीकेंडला स्ट्रॉबेरी खाता खाता डोकावून या.

दोन तास आहेत?

मी मुख्याध्यापकांना फोन केला. आम्ही चौघांनी शनिवारचे दोन तास ठरवले. आमच्या येण्याने रिकामं पद भरत नाही, त्यासाठी अर्जविनंत्या वेगळ्या चालू आहेत. पण तोवर कपाट तरी उघडेल.

पहिल्या शनिवारी आठ मुलं आली. पुस्तकांवर बोटभर धूळ, काहींना कसर लागलेली. एका मुलाने सापांचं पुस्तक उचललं, तासभर मान वर केली नाही. घंटा झाल्यावर म्हणाला, ‘‘दादा, घरी नेऊ?’’

समोर नोंदवही उघडी होती. हरवलं तर? फाडलं तर? सही माझी होती. त्या क्षणी बाई आठवल्या आणि त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग निवळला.

‘‘ने,’’ मी म्हटलं. ‘‘शनिवारी काय वाचलंस ते सांग.’’