येशूचा देश, येशूचे लोक

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई येते. गोराईत ख्रिस्ती कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या देवळाला मागींचे नाव आहे. मागी म्हणजे कोण? ज्यांना आपण तीन राजे म्हणतो, तेच हे. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूपुढे गुडघे टेकून बसलेले तिघे राजे आपण पुष्कळदा पाहिले आहेत. एकाच्या हातात सोने, दुसऱ्याच्या हातात ऊद, तिसऱ्याच्या हातात गंधरस.

आता एक गंमत पाहा. ही गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका, स्वतःच पुस्तक उघडा. दुसरा अध्याय काढा. तिथे मागींना कुठेही राजे म्हटलेले नाही. 'तीन' हा आकडाही नाही. त्यांची नावेही नाहीत. पूर्वेकडून मागी आले, एवढेच आहे. मागी म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी लोक. देणग्या तीन, म्हणून माणसेही तीन, असा हिशोब लोकांनी मागाहून केला. राजेपण आणि गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावे त्यांना पुढच्या काही शतकांत मिळाली.

तुम्ही म्हणाल, मग काय ही गोष्ट खोटी? तसे आम्ही म्हणत नाही. सण आहे तसाच करा. पण पुस्तकात काय लिहिले आहे आणि पुढच्या लोकांनी त्यात काय भर घातली, हे वेगळे काढता येते. जाळे ओढले की मासळी निवडावी लागते ना, तसेच हे. येशूच्या बाबतीत ही निवड करण्याचे काम विद्वान लोक गेली दोन-अडीचशे वर्षे करीत आहेत. त्यांत पाद्री आहेत, यहुदी आहेत, आणि कुठलाच धर्म न मानणारेही आहेत.

ते काम कसे करतात? गावात तंटा झाला की पंच काय विचारतात? तू डोळ्यांनी पाहिलेस की कुणाकडून ऐकलेस? किती दिवसांनी सांगतोस? एकमेकांना न भेटलेले दोघे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात का? विद्वानही हेच विचारतात.

येशूला सुमारे इ. स. ३० मध्ये क्रुसावर मारले. चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत जुने, असे बहुतेक विद्वान मानतात. ते सुमारे ७० साली लिहिले गेले. म्हणजे मधे चाळीस वर्षे गेली. येशू बोलत असे ती भाषा अरामी. शुभवर्तमाने लिहिली ग्रीक भाषेत. तरी मार्काने काही अरामी शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांतला एक आहे 'अब्बा', म्हणजे बाप. आपल्याकडे मुसलमानांची मुलेही बापाला हीच हाक मारतात!

बाहेरचे साक्षीदारही आहेत. योसेफस नावाचा यहुदी इतिहासकार होता. त्याने सुमारे ९३ साली लिहिलेल्या ग्रंथात येशूचा उल्लेख आहे. त्यातल्या एका उताऱ्यात मागाहून ख्रिस्ती नकलाकारांनी भर घातली, हे विद्वानांनी ओळखले आहे. टॅसिटस हा रोमी इतिहासकार. त्यानेही लिहिले आहे, की पिलात सुभेदार असताना ख्रिस्ताला देहदंड झाला. या पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरिया गावच्या खोदकामात सापडला. आणि हेरोद राजा? तो इसवी सनापूर्वी ४ साली मेला. येशूचा जन्म तर त्याच्या हयातीत झाला, असे मत्तय सांगतो. मग येशूचा जन्म इसवी सनाच्या आधीच चार-सहा वर्षे झाला असला पाहिजे. रोम शहरातल्या एका साधूने ५२५ साली सन मोजण्याची ही रीत काढली, तेव्हा हिशोबात चूक झाली. तीच चूक आज आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे.

आता कोळ्यांच्या कामाची गोष्ट सांगतो. येशूचे पहिले शिष्य कोण होते? पेत्र, आंद्रेया, याकोब, योहान. चौघेही मासे मारणारे. त्यांचे पाणी म्हणजे गालील सरोवर. सरोवर गोड्या पाण्याचे आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. आपल्या दर्यापुढे ते तळेच. पण वारा सुटला की तेही खवळते. त्याच्या काठी मग्दाला नावाचे गाव होते. मग्दालेची मरिया तिथली. या गावाचे ग्रीक नाव खारवलेल्या मासळीवरून पडले होते. मासे खारवायचे आणि दूर विकायचे, हा तिथला धंदा. गोराईच्या बायांना यात नवल वाटणार नाही.

१९८६ च्या जानेवारीत तिथे दुष्काळ होता. सरोवराचे पाणी मागे हटले होते. दोघे भाऊ काठच्या चिखलातून चालले होते. तेही मासे मारणारेच. त्यांना चिखलात लाकडाची कड दिसली. खणून पाहिले तर अख्खी होडी! सत्तावीस फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. पाणी परत चढायला लागले होते, म्हणून बारा दिवस, बारा रात्री खपून तिला बाहेर काढले. उघड्यावर ती सुकून भुगा झाली असती. म्हणून तिला बरीच वर्षे औषधी पाण्यात आणि मेणात ठेवून मग लोकांना दाखवली.

ही होडी किती जुनी हे कसे कळले? झाड जिवंत असते तोवर हवेतला एका जातीचा कार्बन त्यात भरत असतो. झाड तोडले की भरणे थांबते. मग तो ठरलेल्या गतीने कमी होत जातो. उरलेला कार्बन मोजला की वय कळते. जवळ मिळालेली मातीची भांडी आणि फळ्या जोडण्याची रीत हीही पाहिली. सगळ्यांचा मेळ बसला. होडी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे येशूच्याच काळची होती.

आणि लाकूड किती प्रकारचे? बारा! जुन्या होड्यांच्या फळ्या काढून, ठिगळे लावून सुताराने ती चालू ठेवली होती. अगदी मोडीत निघाल्यावर कामाचे लाकूड काढून घेतले आणि सांगाडा पाण्यात ढकलला. मालकाची ओढाताण त्या ठिगळांत दिसते. पुष्कळ लोक तिला 'येशूची होडी' म्हणतात. येशू तिच्यात बसला होता याला पुरावा नाही. पण तो अशाच होड्यांत बसत असे, हे मात्र म्हणता येते.

हे लोक धर्माने कोण? तर यहुदी. येशूही यहुदी, त्याची आई मिर्याम, म्हणजे मरिया, तीही यहुदी. आठव्या दिवशी येशूची सुंता झाली, हे लूकाने लिहिले आहे. शनिवारी तो सभास्थानात जाई. मग्दालेत तसे सभास्थान २००९ साली जमिनीखाली सापडले आहे. ज्या माशाला पर आणि खवले नाहीत तो खायचा नाही, असा यहुद्यांचा नेम. कोळंबी, चिंबोरी, माकूळ, सगळे बाद!

असे लोक पाहायला फार लांब जायला नको. आपल्या कोकणातच ते शेकडो वर्षे राहत आले आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात जोडपी वाचली, आणि त्यांचा वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. बोली मराठी. ग्रंथ हरवले, तरी मुलाची सुंता, शनिवार आणि 'शमा' नावाची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे येशूला विचारले, तेव्हा त्याने याच शमाने उत्तराला सुरुवात केली, असे मार्क सांगतो. म्हणजे येशूच्या तोंडची प्रार्थना कोकणातल्या तेल्याच्या घरी म्हटली जात होती. दोन हजार वर्षांत चालीरीती पुष्कळ बदलल्या, हे खरे. तरी मूळ ओळखू येते.

येशू यहुदी होता, हे इतके सांगण्याचे कारण आहे. ही गोष्ट लोक विसरले आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने दिली. क्रूस ही रोमी सरकारची शिक्षा होती. हुकूम पिलाताचा होता. पण पुढे युरोपात 'यहुद्यांनी देवाला मारले' असा आरोप सगळ्या जातीवर, पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला. त्याची झळ आपल्याकडेही लागली. गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य. सोळाव्या शतकात मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेले पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. घराणे यहुदी, बाहेरून ख्रिस्ती झालेले. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची हाडेही उकरून जाळली.

विसाव्या शतकात हिटलरच्या राज्यात सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. ज्यूल इझाक हे फ्रान्सचे इतिहासकार यहुदी होते. त्यांची बायको आणि मुलगी पकडली गेली आणि आउश्विट्झच्या छावणीत मेली. त्या काळात लपतछपत त्यांनी एक पुस्तक लिहिले. शुभवर्तमानांतली वचने एकेक घेऊन त्यांनी दाखवले, की येशू आपल्या लोकांतच जन्मला, त्यांच्यातच वावरला, आणि सगळ्या यहुद्यांनी त्याला नाकारले हे म्हणणे त्या पुस्तकांतच नाही. हे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. जून १९६० मध्ये इझाक रोमला जाऊन पोप तेविसावे योहान यांना भेटले आणि ही शिकवण बदला अशी मागणी केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक धर्मसभेने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. ते ऐकायला इझाक नव्हते. ते १९६३ मध्येच वारले होते.