डोळा लागताना बसणारा झटका

इशाची नमाज झाली, दिवा मालवला, की आमच्या घरात सगळे जण कान टवकारून पडून राहत. भाईजानचा श्वास जरा संथ झाला की पाच-दहा मिनिटांत त्याची बाज करकरायची. सगळे अंग एकदम उडायचे आणि "पडलो, पडलो" म्हणत तो उठून बसायचा. अम्मी धावायची, भाभी पाणी आणायची, आम्ही दिवा लावायचो, मुले रडू लागायची. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. एका रात्री असे सहा वेळा झाले.

त्याच्या दोन महिने आधी दारव्हा रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली होती. हेल्मेट होते, पण हँडलला अडकवलेले. मेंदूत रक्तस्राव झाला. यवतमाळहून त्याला नागपूरला हलवावे लागले; ऑपरेशन मात्र टळले. घरी आला तेव्हा चालत-बोलत होता, म्हणून आम्ही समजलो, संकट टळले. मग हे झटके सुरू झाले. शेजारी म्हणाले, मिरगी लागली. एक नातेवाईक म्हणाले, असर आहे. आणि भाईजान झोपायलाच भिऊ लागला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचा.

पुढे कळले की जागेपणातून झोपेत जाताना अंग उडणे धडधाकट माणसांतही होते. आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पायरी चुकल्यासारखे दचकणे अनुभवलेले असते. त्याला हिप्निक जर्क म्हणतात. मेंदूच्या देठाशी जागेपणा आणि झोप यांची अदलाबदल होते. ती करताना एखादा चुकार संदेश स्नायूंकडे सुटतो, असे मानले जाते. मेंदूला मार बसल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांची झोप या ना त्या प्रकारे बिघडते. तुटक झोपेत ही अदलाबदल रात्रीतून अनेकदा होते, म्हणून दचकण्याची संधीही वाढते.

पण डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत "सगळ्यांनाच होते" म्हणून सोडून देता येत नाही. दुखापतीनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही फिट येऊ शकते, आणि काही फिट झोपेतच येतात. साधा झटका एकच, क्षणभराचा असतो; माणूस लगेच जागा होऊन ओळखीचे बोलतो. लयीत पुन्हापुन्हा झटके येणे, दर वेळी तोच हात किंवा तीच बाजू उडणे, जीभ चावली जाणे, लघवी होणे, नंतर बराच वेळ गोंधळलेले राहणे, किंवा दिवसाही झटके येणे, ही लक्षणे फिटकडे बोट दाखवतात. आणखी एक प्रकार आहे. बुडणे, गळफास किंवा हृदय थांबणे यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, तर नंतर कप उचलताना, पाऊल टाकताना अंग उडते. लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी 1963 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे उपचार वेगळे आहेत.

हा फरक डॉक्टरांना आमच्या सांगण्यावरून कळेना. अम्मी सांगे पाच मिनिटे, भाभी सांगे दोन सेकंद. शेवटी धाकट्याने मोबाईल उशाशी ठेवून चित्रण केले आणि त्या एका व्हिडिओने काम सोपे झाले. सोबत एक वही ठेवली. कधी झोपला, कधी झटका बसला, भान होते का, दिवसभरात चहा किती, कोणती गोळी घेतली, एवढेच त्यात लिहीत गेलो. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनची फिल्म सोबत नेली. ईईजीही काढला. एका ईईजीत काही दिसले नाही म्हणजे फिट नाहीच, असे ठरत नाही. म्हणून कधी जागरण करवून झोपेतला ईईजी काढतात. भाईजानच्या बाबतीत हे झोपेचेच झटके निघाले.

मग डॉक्टरांनी वही चाळली. दिवसाला आठ कप चहा, त्यातला शेवटचा रात्री दहाला, आणि वर खर्रा! तंबाखूतले निकोटीनही जागवणारेच. चहा असरनंतर बंद झाला. खर्रा सोडायला जास्त दिवस लागले, आणि त्या काळात घरात भांडणेही झाली, हे कबूल केले पाहिजे. उठण्याची वेळ रोज एकच ठरवली. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे गच्चीवर झोपतात. त्याला मात्र खाली, जमिनीवरच्या गादीवर झोपवले.

सगळ्यात अवघड होते ते आम्हाला स्वतःला बदलणे. झटक्याच्या भीतीने तो जागत होता, जागरणाने झटके वाढत होते, आणि आमची धावपळ त्या भीतीला खतपाणी घालत होती. ठरले असे की दिवा लावायचा नाही, गर्दी करायची नाही. जवळच्या एकाने खांद्यावर हात ठेवायचा, "काही नाही, झोप" म्हणायचे. तो उत्तर देतो का, एवढे पाहायचे. फिट वाटली तर मात्र कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करायचा.

गोळ्यांचे सांगायचे तर, क्लोनाझेपामसारखी औषधे काहींना देतात, पण जखमी मेंदूला ती सुस्त करतात, तोल जातो, सवयही लागते. मेडिकलमधून मागून घेण्याची ती वस्तू नाही. उलट मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी झटके वाढतात. तरी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. फिटची गोळी चालू असेल तर ती एकाएकी बंद करणे तर धोक्याचेच. कुणी दम केलेले पाणी दिले तर ते प्यायला हरकत नाही, पण त्यासाठी गोळी सोडू नये.

रमजानमध्ये तरावीह आणि सहरीने झोपेचे दोन तुकडे होतात. म्हणून रोजे सुरू होण्याच्या महिनाभर आधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी ठरवून घ्याव्यात. आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची मुभा सूरह अल-बकरहच्या 185 व्या आयतीत आहेच. भाईजानने पहिल्या वर्षी ती घेतली. त्याला त्याची लाज वाटत होती, अब्बांनी समजावले.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे स्नायू फडफडत असतील, घाम, लाळ, उलटी असेल, तर तो झोपेचा झटका नव्हे, विषबाधा असू शकते. 2017 मध्ये यवतमाळने अशा फवारणीत वीसहून अधिक माणसे गमावली. तिथे वही-व्हिडिओत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

मागच्या जुम्म्याच्या रात्री भाईजान पुन्हा दचकला. "पडलो" म्हणाला, कूस बदलली आणि घोरू लागला. अम्मी मात्र फजरपर्यंत जागीच होती.