संघ, खर्च आणि परीक्षा

महिला महाविद्यालयाच्या संघाने करंडक जिंकला की वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते. त्या संघाचा खर्च कोणी सोसला आणि मुलींच्या परीक्षांचे काय झाले, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही.

हैदराबादेत स्त्रीशिक्षणाची परंपरा जुनी आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयाचा आरंभ १९२४ साली झाला. याच शहरातील पी. व्ही. सिंधू हिने मेहदीपट्टणमच्या सेंट ॲन्स महिला महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि २०१६ साली रिओ येथे रौप्यपदक मिळविले. परंतु तिचा खेळ घडला तो गोपीचंद यांच्या गच्चीबावलीतील अकादमीत. आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू; त्यांचे पाठबळ तिला लाभले. एकटीच्या खेळाला असा आधार पुरतो. हॉकी वा कबड्डीचा संघ मात्र कोणत्याही एका घराला उभा करता येत नाही. त्याचे मैदान, मार्गदर्शक आणि प्रवासखर्च ही महाविद्यालयाचीच जबाबदारी होय.

अमेरिकेत ही जबाबदारी नियमांनी बांधलेली आहे. लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलण्याफेकण्याचा खेळ, हे त्याचे चांगले उदाहरण. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलामुलींत भेद करू नये, असा कायदा तेथे १९७२ साली झाला आणि मुलींच्या संघांना बळ आले. पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयाला महिला लॅक्रॉससाठी २०२५ पूर्वी जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. मुली त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून कोणाला निम्मी, कोणाला पाव अशी वाटणी होई. अभ्यासाचीही अट असते: तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पुरा नसेल, तर मैदान बंद.

आपल्याकडे ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा १०,००० रुपये भत्ता मिळतो. विद्यापीठांच्या स्पर्धाही २०२० पासून भरतात. पण निवड थोड्यांचीच होते. उरलेल्या मुलीपुढे सामना की परीक्षा, हा पेच कायम राहतो. दौऱ्याचे दिवस हजेरीत धरणे, हुकलेली परीक्षा पुन्हा घेणे आणि बुडालेले पाठ शिकविण्यास एक शिक्षक नेमणे, एवढ्याने तो बराच सुटेल. त्यास फार पैसाही लागत नाही.

संघातील बहुतेक मुलींना पदक मिळणार नाही. उद्या त्यांना पोट भरावयाचे आहे ते पदवीवर. म्हणून ज्या महाविद्यालयाने करंडक आणला, त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: संघातील किती मुली उत्तीर्ण झाल्या?