साबुदाणा नव्हे, प्लॅस्टिक!

आमच्या शाळेची मुलं एकदा समुद्रकिनारा साफ करायला गेली होती. दोन तासांत पिशव्या, बाटल्या, तुटक्या चपला, फाटकी जाळी असा हा मोठा ढीग जमला. ‘वा! किनारा कसा लख्ख झाला!’ असं मी म्हणतेय तोच चौथीतल्या एका मुलीनं मूठ उघडली. म्हणाली, ‘‘बाई, वाळूत साबुदाणा!’’

तिच्या तळहातावर पांढुरके गोल दाणे होते. साबुदाणा कुठला? ते प्लॅस्टिक होतं! खाली वाकून पाहिलं, तर वाळूत आणखी दाणे दिसायला लागले.

हे दाणे म्हणजे कारखान्यांचा कच्चा माल. ते वितळवून बादल्या, बाटल्या, खुर्च्या तयार करतात. पोती भरभरून ते जहाजांतून जगभर जातात. २०२१ साली श्रीलंकेत कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ नावाच्या जहाजाला आग लागली, ते बुडालं आणि किनाऱ्यावर दाण्यांचे थरच्या थर आले. २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या समुद्रात बुडालं, तेव्हाही तेच झालं. आपल्या शेजारच्या गोव्याच्या किनाऱ्यांवरही शास्त्रज्ञांना असे दाणे सापडले आहेत.

पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लॅस्टिकच्या कणांना म्हणतात मायक्रोप्लॅस्टिक. हे नाव रूढ झालं ते इंग्लंडमधले शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्प्सन यांच्या २००४ सालच्या लेखामुळे. पण सगळेच कण काही जहाजातून सांडत नाहीत, बरं का! आपण टाकलेली पिशवी उन्हानं कडक होते, लाटांनी तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. ती कुजत नाही, नुसती बारीक होते. पॉलिएस्टरचे कपडे धुतानाही बारीक धागे सुटून पाण्याबरोबर वाहून जातात.

मग हे कण जातात कुठे? घरीच करून पाहा. मोठ्या माणसांच्या मदतीनं पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या झाकणाचा एक तुकडा कापून घ्या. दोन्ही पाण्यात नीट बुडवा आणि सोडा. झाकणाचा तुकडा वर येईल, बाटलीचा तळाशी बसेल. समुद्रातही असंच होतं. काही कण तरंगत दूरवर जातात, तर काही तळाच्या गाळात जाऊन बसतात. वर तरंगणाऱ्या कणांवर शेवाळ धरलं की तेही जड होऊन बुडतात.

गाळातले किडे गाळ खातात, कालवं पाणी गाळून खाणं मिळवतात. त्यांच्या पोटात हे कण जातात. मासे त्यांना अंडी समजून गिळतात. २०२२ साली तर माणसाच्या रक्तातही असे कण सापडल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं! त्यांचा आपल्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास सध्या चालू आहे.

त्या दिवशी मुलं हट्टाला पेटली. घरून पिठाची चाळणी आणली आणि वाळू चाळायला बसली. तासाभरानं पाहिलं, तर अर्धी वाटीसुद्धा भरली नव्हती, आणि किनारा तर लांबच लांब पसरलेला! एक मुलगा हिरमुसून म्हणाला, ‘‘बाई, हे कधी संपणार?’’

खरं सांगते, माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग तीच चौथीतली मुलगी म्हणाली, ‘‘पण मोठी पिशवी तर एका हातानं उचलता येते ना!’’

अगदी बरोबर! प्लॅस्टिक मोठं आहे तोवरच ते आपल्या हातात असतं. आई-बाबांनो, बाजारात जाताना कापडी पिशवी आठवणीनं न्या. मुलांनो, गोळीचा कागदसुद्धा गटारात टाकू नका. गटार ओढ्याला मिळतं, ओढा नदीला आणि नदी समुद्राला. म्हणजे तुमचं गाव समुद्रापासून कितीही लांब असलं, तरी किनारा तुमच्या दारातूनच सुरू होतो!