गावठाण-पुनरुज्जीवन

गावाच्या मूळ वस्तीतील पेठा, वाडे, मंदिरे व घाट यांची पडझड थांबवून तेथील वस्ती व व्यापार टिकविण्याच्या योजनाबद्ध प्रयत्नास गावठाण-पुनरुज्जीवन म्हणतात. स्मारकाच्या दुरुस्तीहून ही संकल्पना व्यापक आहे. दुरुस्तीने वास्तू टिकते. पुनरुज्जीवनात तीमधील रहिवासी, दुकानदार व कारागीर हेही टिकावे लागतात.

पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. पवनाकाठचे चिंचवड हे मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरामुळे व चापेकर बंधूंचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला व पुढे उद्योगांची दाटी झाली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने नव्या वसाहती आखून वसविल्या. जुनी गावठाणे मात्र आखणीवाचून दाटत गेली. चाकण येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट फिरंगोजी नरसाळा याने १६६० मध्ये शायिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ख्यात असलेल्या ह्या गावी २०१५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली.

ऱ्हासाची कारणे : समाईक मालकीमुळे वाड्याच्या दुरुस्तीचा निर्णय लांबतो. मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये भाडी गोठल्याने मालकास दुरुस्ती परवडेनाशी झाली. १९९९ च्या अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तरी मूळ भाडेच अल्प असल्यास ती अपुरी पडते. उलट जमिनीची किंमत उद्योगांमुळे वाढत जाते. परिणामी वाडा पडू देणे हेच मालकाच्या हिताचे ठरते आणि भाडेकरूचे छप्पर धोक्यात येते.

नियोजन : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळे यांच्या जतनाची तरतूद करता येते. त्यासाठी प्रथम घरवार पाहणी करून वास्तूंची यादी, मालकी व भाडेकरू यांची नोंद करावी लागते. आराखड्यातील रस्तारुंदीची रेषा जुन्या पेठेवरून सरळ ओढल्यास ओटे व दर्शनी भाग नष्ट होतात. म्हणून जड वाहतूक गावाबाहेरून वळविणे श्रेयस्कर असते. पाणी, मलनिःसारण व अग्निशमन यांची सोय झाल्याखेरीज केवळ रंगरंगोटीने रहिवासी थांबत नाहीत.

वित्तव्यवस्था : मालमत्ता कर, शासकीय अनुदाने, कर्ज, देणग्या व हस्तांतरणीय विकास हक्क ही प्रमुख साधने होत. शेवटच्या साधनात वारसा-वास्तूवर न वापरलेले बांधकामक्षेत्र मालकास अन्यत्र विकता येते. परंतु ज्या गावी त्यास ग्राहक नाही, तेथे ते निरुपयोगी ठरते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेस उद्योगांमुळे जकातीचे मोठे उत्पन्न मिळे; २०१३ मध्ये तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली व २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर अवलंबून राहावे लागले. चाकणची अडचण वेगळी आहे. वसाहतीतील कारखाने बहुतांशी महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा शेजारच्या गावांच्या हद्दीत येतात. त्यामुळे वाहतूक व वस्ती यांचा भार गावावर पडला, तरी त्या कारखान्यांचा मालमत्ता कर त्यास मिळत नाही. केंद्र शासनाच्या २०१५ च्या ‘हृदय’ योजनेतील १२ शहरांत महाराष्ट्रातील एकही नव्हते.

अमेरिकेत १९७६ पासून जुन्या व्यापारी इमारतींच्या नूतनीकरणास करसवलत मिळू लागली, तर १९८० मध्ये लहान गावांच्या मुख्य पेठांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दुकानदारांची संघटना, पेठेची प्रसिद्धी, वास्तूंचे जतन व आर्थिक बळकटी ही त्याची चार अंगे आहेत.

मूल्यमापन : सुधारणेने पेठेचे भाडे वाढते व जुना भाडेकरूच बाहेर पडतो, हा ह्या योजनांतील मुख्य धोका आहे. म्हणून दुरुस्तीसाठी दिलेल्या साहाय्यास भाडेकरूचा हक्क कायम ठेवण्याची अट जोडणे आवश्यक असते. पुनरुज्जीवनाचे यश सुशोभित इमारतींच्या संख्येवरून नव्हे, तर दहा वर्षांनंतर त्या पेठेत पूर्वीचे किती रहिवासी व व्यावसायिक उरले, यावरून जोखावे लागते.